बिलावर लिथियम डायसिलिकेट, डबीत झिरकोनिया

समोरच्या सहा दातांची व्हिनिअर्स (दातावर चिकटवायची सिरॅमिकची पातळ आवरणं) लॅबकडून आली. बिल लिथियम डायसिलिकेटचं, म्हणजे काच असलेल्या सिरॅमिकचं. सोबत निरोप : "एचिंग करून दिलंय, फक्त सायलेन लावा." (एचिंग म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग खरखरीत करणं, सायलेन म्हणजे सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रव.) आतली बाजू छान मॅट दिसत होती. काही आठवड्यांतच तीन निघाली. लॅबने खापर आमच्या बाँडिंगवर फोडलं. पण सगळं सिमेंट दातावर घट्ट बसलेलं आणि व्हिनिअरची आतली बाजू कोरी. म्हणजे दाताकडची पकड शाबूत होती, सुटलं होतं ते सिरॅमिककडून.

ती मॅट झाक ॲसिडची नव्हतीच, सँडब्लास्टची (दाबाने कण मारून खरखरीत केल्याची) होती. आणि व्हिनिअर्स होती झिरकोनियाची. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड सिरॅमिकमधली काच खातं, त्यातून सूक्ष्म खाचा पडतात आणि सायलेन तिथल्या सिलिकाला धरतं. झिरकोनियात काचच नाही. त्यावर सायलेन कितीही चोपडा, धरणार कशाला?

म्हणून "एचिंग झालंय" यावर कधीही विसंबू नका. एचिंग स्वतः करा. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के ॲसिड, २० सेकंद. भरपूर पाण्याने धुवा, अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये ४-५ मिनिटं ठेवा, कोरडं करा, मग सायलेन ६० सेकंद. सायलेन दुधाळ झालं असेल तर ती बाटली सरळ फेकून द्या. ॲसिड तोंडाबाहेरच वापरायचं. हातमोजे, चष्मा आणि या ॲसिडने भाजल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवंच.

आधीच सँडब्लास्ट केलेला तुकडा झिरकोनियाचा की लिथियम डायसिलिकेटचा, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यापेक्षा एक्स-रे काढा. खात्रीचा लिथियम डायसिलिकेटचा तुकडा शेजारी ठेवून एकाच फिल्मवर घ्या : झिरकोनिया धातूसारखा पांढराफेक येतो, दुसरा करडा. हातालाही कळतं, कारण झिरकोनियाची घनता दुपटीहून जास्त आहे. ही तपासणी ट्राय-इनच्या (न चिकटवता दातावर बसवून बघण्याच्या) आधी करा, चिकटवल्यावर उपयोग नाही.

झिरकोनिया वाईट नाही, पण त्याची तयारी वेगळी : ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने सँडब्लास्ट, २ बारपेक्षा कमी दाब, मग एमडीपी (झिरकोनियाला धरणारा फॉस्फेट रेणू) असलेला प्रायमर. ट्राय-इननंतर फॉस्फोरिक ॲसिडने साफ करू नका. फॉस्फेट पृष्ठभागावर बसतं आणि प्रायमरला जागा उरत नाही.

ऑर्डर देतानाच मटेरिअलचं नाव लेखी घ्या आणि ब्लॉकचा लॉट नंबर बिलावर मागा. आमच्या लॅबने तो शेवटपर्यंत दिला नाही.