चिकूच्या नावाखाली रायण

चिकूचं म्हणून आणलेलं झाड जिवंत आहे, हे आधी सांगते. चांगलं कमरेच्या वर गेलंय. फक्त ते चिकूचं नाही.

लहानपणी सुट्टीत आत्याकडे जायचो. तिच्या परसात चिकूचं झाड होतं. चिकू उतरवायला आला की नाही, हे आत्या नखाने साल ओरखडून बघायची. खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर "राहू दे अजून", पिवळसर दिसलं तर काढायचा. आम्हा पोरांना तेवढा धीर कुठला! आम्ही हिरवेच तोडून चावायचो आणि मग दिवसभर ओठ एकमेकांना चिकटायचे. पुढे ते घर विकलं, झाडही गेलं. स्वतःचं अंगण झाल्यावर पहिलं झाड कोणतं लावायचं, हा प्रश्नच नव्हता. हे सगळं मी रोपं विकणाऱ्याला सांगत बसले, अगदी नखाच्या ओरखड्यासकट. गिऱ्हाईक आपण होऊन पाघळलंय म्हटल्यावर त्याला वेगळं काही करावंच लागलं नसेल.

त्याच्याकडे दर्शनी भागात एका मोठ्या कुंडीत छातीएवढं झाड होतं, चार-पाच चिकू लागलेलं. "कालीपत्ती जातीचं आहे. हे नमुन्याचं, विकायचं नाही. याच्याच काडीची कलमं मागे आहेत, तिसऱ्या वर्षी फळ धरतील." मागून त्याने पिशवीतलं रोप आणलं. खोडाला वीतभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. पट्टी दिसली म्हणजे कलम, माझं ज्ञान एवढंच.

पानं नमुन्यापेक्षा वेगळी दिसतात, असं मी म्हटलंही. "कोवळं आहे, वाढलं की बदलतील." पण इतकी काळपट का? "म्हणून तर कालीपत्ती!" उत्तर इतकं फटकन आलं की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. तरी शहाणपणा म्हणून एक पान खुडून पाहिलं. देठातून पांढरा चीक आला. तोच, ओठ चिकटवणारा. माझी खात्री पटली, पैसे दिले. पावती मागितली नाही. रोपाची कसली पावती, असं तेव्हा वाटलं.

इथेच माझं चुकलं. चिकूची काडी बहुतेक वेळा रायणीच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपावर, बांधून कलम करतात. रायण म्हणजे खिरणी. दोन्ही एकाच कुळातली, म्हणून कलम जुळतं, आणि म्हणूनच चीक दोघांनाही येतो. मी जो पुरावा मानला तो कशाचाच पुरावा नव्हता. वर काडी न बांधलेलं नुसतं रायणीचं रोप, त्याला पट्टी गुंडाळून, माझ्या हातात दिलेलं होतं. रायणीचीही फळं गोड असतात, पण लहान, पिवळी, आणि बियांच्या रोपाला ती धरायला बरीच वर्षं जातात.

काही महिन्यांनी पट्टी काढायची का, म्हणून फोन केला. "हात लावू नका, जोड सुटेल." मी लावला नाही. खरं तर जोड पक्का झाला की पट्टी काढायचीच असते, नाहीतर ती खोडाला आवळते. त्याला ती सुटायला नको होती, याचं कारण वेगळं होतं.

तिसऱ्या वर्षी पट्टी खोडात रुतलेली दिसली, तेव्हा ब्लेडने उभी कापून काढली. आत जोड नव्हताच. खालून वरपर्यंत एकच सरळ खोड, एकच साल, आणि एका बाजूला सुरीने मारलेली आडवी खूण, नखाएवढी, कधीच भरून आलेली. कलमं बांधणाऱ्या एका ओळखीच्या माळ्याला बोलावलं. त्याने खोडाकडे पाहिलंही नाही. एक पान घेतलं, शेंड्यावर अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे धरलं. "इथे खाच आहे बघा. चिकूचं पान टोकाकडे निमुळतं होतं. हे शेंड्याला रुंद आणि मध्ये दबलेलं." मी एकेक पान बघत गेले. सगळ्यांना खाच. तीन वर्षं ही पानं मी ओल्या फडक्याने पुसली होती!

विक्रेत्याला फोन केला. आधी जमीन खराब ठरली. मग म्हणाला, कलम मेलं असेल, खालचा खुंट फुटला, तुम्ही लक्ष दिलं नाही. हे उत्तर हुशारीचं आहे, कारण असं खरोखरच होतं. पण तसं असतं तर मेलेल्या काडीचं थोटूक दिसलं असतं आणि नवी फांदी जोडाच्या खालून, बाजूने निघाली असती. शिवाय लावल्या दिवशी काढलेला फोटो माझ्याकडे होता. तो मोठा करून पाहिला, तर पट्टीच्या वरच्या पानांनाही खाच. फोटो पाठवला. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

तुम्ही चिकूचं कलम घ्यायला गेलात तर पट्टीवर जाऊ नका, ती सोडून दाखवायला सांगा. खऱ्या कलमात जोडाशी तिरकी किंवा व्ही आकाराची गाठ दिसते, वरच्या आणि खालच्या सालीत फरक असतो. जोडाच्या वरचं पान बघा, शेंड्याला खाच असेल तर परत ठेवा. नमुन्याच्या झाडाला लागलेली फळं ही नमुन्याच्या झाडाची, तुमच्या पिशवीतल्या रोपाची नव्हेत. पावतीवर 'चिकू कलम' आणि जातीचं नाव लिहून घ्या. लिहायला का-कू केली, तर तिथून निघा. हे मी शहाणी म्हणून सांगत नाही. आत्याच्या परसात ते पान मी शेकडो वेळा हातात धरलं असेल, आणि त्याचा शेंडा कसा होता हे मला आठवेना.

रायण उपटून टाकणार होते. माळ्याने थांबवलं. "खुंट उत्तम आहे, मुळं बसलीत. यावरच बांधू." एका परिचितांच्या झाडाच्या तीन काड्या बांधल्या. दोन वाळल्या. तिसरीला चार पानं आलीत, निमुळत्या शेंड्याची. या वेळची पट्टी त्याने स्वतः येऊन काढली, मला बोलावून जोड दाखवला. खालून रायण अजून फुटत असते. दर आठवड्याला ती फूट खुडते, आणि बोटं चिकाने चिकटतात.