जाहिरातीवर जाऊ नका, क्लासला मात्र जा (पार्किन्सन्सवाल्यांचा डान्स क्लास)

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो जाहिरातीमुळे. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय 'औषधाशिवाय पार्किन्सन्सवर मात' आणि ते वाचूनच आमच्या घरात सगळ्यांनी नाक मुरडलं होतं, कारण तेलं, काढे, मॅग्नेटची गादी असलं सगळं आमच्याकडे आधीच करून झालंय, पैसे पण घालवून झालेत. गंमत म्हणजे शिकवणाऱ्या ताई स्वतः असं काही बोलतच नाहीत. उलट पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं की गोळ्या चालूच ठेवायच्या, डोस कमीजास्त करायचा तो फक्त न्यूरॉलॉजिस्टनी. मग ते पत्रक कोणी लिहिलं देव जाणे. पण प्लीज ते बदला, कारण असलं वाचून कोणी खरंच गोळ्या बंद केल्या तर? पार्किन्सन्सच्या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं, माणूस ॲडमिट करायची वेळ येते.

आता क्लासबद्दल.

आमचे अण्णा (सासरे), रिटायर्ड, पूर्वी वीज मंडळात अकाउंट्सला होते, पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली. लोकांना वाटतं पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं. अहो थरथर परवडली. खरा त्रास असतो तो हालचाल मंद होण्याचा, अंग ताठ होण्याचा आणि चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होण्याचा, ज्याला सगळे फ्रीझिंग म्हणतात. बाथरूमच्या दारात अण्णा उभेच्या उभे राहतात, पाऊल उचलायचंय हे कळतंय पण पाय ऐकत नाहीत, आणि मागून आम्ही 'चला ना अण्णा' म्हटलं की अजूनच अडकतात. मेंदूत डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात त्यामुळे हे होतं, आणि लक्षणं दिसायला लागतात तोवर बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात. आपण चालताना विचार करत नाही, पाय आपोआप पडतात, ते 'आपोआप'च यांचं बिघडलेलं असतं. पण बाहेरून काहीतरी खूण मिळाली, म्हणजे जमिनीवर पट्टी दिसली किंवा कानावर ठेका पडला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो. म्हणूनच सपाट फरशीवर अडकणारा माणूस जिना मात्र झपाझप चढतो, पायऱ्या दिसतात ना समोर. आम्ही घरी बाथरूमच्या दारात रंगीत टेप लावलीय ती त्यासाठीच.

तर ठेक्याचं हे जे आहे त्यावरच हा क्लास उभा आहे. आणि ही कल्पना काही इथली नाही, 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुप आणि तिथला पार्किन्सन्सवाल्यांचा एक ग्रुप यांनी मिळून असा क्लास सुरू केला, आता पंचवीसपेक्षा जास्त देशांत तसे क्लास चालतात. पुण्यात ऋषिकेश पवार या कंटेम्पररी डान्सरनी हे काम बरीच वर्षं केलंय, पेपरात वाचलं असेल तुम्ही. मी लिहितेय तो क्लास त्यांचा नाही, गोंधळ नको म्हणून सांगते, हा आमच्या भागातला लहानसा क्लास आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये चालतो, शिकवणाऱ्या ताई कथक शिकलेल्या आहेत आणि मदतीला दोन मुली.

सुरुवात खुर्चीत बसून. गोल करून बसायचं, प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि नावासोबत एक हालचाल करायची, मग बाकी सगळ्यांनी ते नाव मोठ्याने म्हणत तीच हालचाल करायची. ऐकायला बालवाडी वाटते, मला पण वाटली. पण पार्किन्सन्समध्ये आवाज बसत जातो, अण्णा फोनवर बोलले तर समोरचा 'हॅलो हॅलो' करत बसतो, आणि इथे पंधरावीस लोक आपलं नाव ओरडून म्हणतायत म्हटल्यावर अण्णांनी स्वतःचं नाव असं काही ठणकावलं की बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंनी आत डोकावून बघितलं. मग हात लांब, आणखी लांब, जणू पतंगाला ढील देताय. सगळं मोठं करायचं, कारण या आजारात सगळं बारीक होत जातं, पावलं, आवाज, अक्षर पण. अण्णांची सही बँकेत जुळत नाही आता, ते एक वेगळंच प्रकरण आहे.

नंतर खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं आणि शेवटी ज्यांना जमेल त्यांनी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इथे ताईंचं खरं डोकं दिसतं. परदेशात याच कामासाठी टँगो वापरतात, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत पार्किन्सन्सवाल्यांना टँगो शिकवून अभ्यास केलेला आहे, बॅलन्स सुधारला असं त्यात दिसलं. पण आमच्या काकालोकांना टँगो शिकवायला गेलात तर निम्मे घरीच बसतील. ताईंनी काय केलं तर वारीतली पावली घेतली. टाळ, भजनी ठेका, पाऊल पुढे, पाऊल मागे, वजन या पायावरून त्या पायावर. टँगोत जे आहे ते सगळं यात आहे, पावलागणिक वजन बदलणं, थांबणं, मागे जाणं, आणि कोणाला 'मी नाचतोय' असं वाटत नाही, विठ्ठलाचं नाव घ्यायला लाज कसली? ज्या अण्णांनी 'आमच्या घराण्यात कोणी नाचलेलं नाही' असं गाडीत दोनदा ऐकवलं होतं तेच पावलीला पहिल्या रांगेत. (मागे पाऊल टाकताना मात्र मदतनीस मुलगी पाठीमागे उभी असते, ते हवंच, पार्किन्सन्सवाले मागे पटकन पडतात.)

लेझीम पण असते. खरी, लोखंडी साखळीची, वजन सोसत नसेल त्यांना हलकी प्लॅस्टिकची. पन्नास साठच्या दशकात शाळेत गेलेल्या बहुतेक जणांनी पीटीच्या तासाला ती हाताळलेली असते, एक दोन तीन चार म्हटलं की हात आपोआप वळतात. एक काका लेझीम हातात घेऊन म्हणाले, 'ताई, माझी तर तुम्ही आकडे म्हणायच्या आधीच वाजते.' सगळा हॉल हसला, काका स्वतः सगळ्यात जास्त. हा जोक घरी कोणी केला असता तर अण्णा आठवडाभर बोलले नसते.

एक प्रसंग सांगायचाच आहे. लिफ्टच्या दारात एक गृहस्थ अडकले, दाराची ती फट आणि समोर गर्दी, पाय हलेना, मागे पाचसहाजण ताटकळलेले, त्यांच्या मिसेस दंडाला धरून ओढतायत. त्या दोन मुलींपैकी एक आली, आधी ओढणं थांबवलं, मग स्वतःचं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, 'काका, माझा पाय ओलांडा.' आणि त्यांनी ओलांडला! अगदी सहज, पुढचं पाऊल पण पडलं. आता मी पण घरी हेच करते. हे आम्हाला आजवर कोणी दाखवलं नव्हतं, दवाखान्यात दहा मिनिटं मिळतात त्यात गोळ्यांचं बोलणंच संपत नाही.

आता फरक पडतो का, सगळे हेच विचारतात. खरं सांगते, आजार काही कमी होत नाही, तो त्याच्या गतीने पुढे जातोय. क्लासनंतर त्या दिवशी अण्णा मोकळे चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पण जरा बरं असतं, मग ओसरतं. पण रात्रीच्या जेवणाला टेबलावर येऊन बसतात, बोलतात, आणि चेहरा, जो या आजारात मुखवट्यासारखा होतो, त्यावर काहीतरी हलतं. जागतिक आरोग्य संघटनेनी 2019 मध्ये एक मोठा अहवाल काढला होता, कला आणि आरोग्य या विषयावरचे 3000 च्या वर अभ्यास त्यात धुंडाळलेत, त्यात पार्किन्सन्स आणि नाच पण आहे. पण म्हणून ते औषध होत नाही. यातले बरेच अभ्यास थोड्या लोकांवर, थोड्या महिन्यांसाठी केलेले असतात. बॅलन्स, चाल, मूड यात फायदा दिसतो, एवढं म्हणा आणि थांबा. पत्रकवाल्यांनी पण एवढंच छापलं असतं तर मी पाचवा स्टार देऊन टाकला असता.

शिवाय मला विचाराल तर हे व्यायाम म्हणून विकायला पण नको. फिजिओच्या व्यायामाला अण्णा कंटाळतात, 'दहा वेळा पाय वर' म्हटलं की सहाला सोडून देतात. इथे तासभर उभे असतात आणि कळत पण नाही कारण गाणं संपायचं असतं ना. ताई कोणाला पेशंट म्हणत नाहीत, चुकलं तर चुकलं म्हणतात, 'काका ठेका सोडू नका' असं रागावतात पण. अण्णांना हेच आवडतं बहुतेक. घरी आम्ही सगळे त्यांच्याशी फार गोड बोलतो.

तक्रारी पण आहेत. क्लासची वेळ अकराची. अण्णांची सकाळची गोळी आठला आणि पुढची बाराला, म्हणजे साडेअकराच्या सुमारास गोळीचा असर उतरतो आणि ऐन पावलीच्या वेळी ते ऑफमध्ये जातात, म्हणजे अंग परत ताठ आणि मंद होतं. असे तीनचार जण तरी आहेत. दहाची वेळ केली तर सगळ्यांचं भागेल, दोनदा सांगून झालं, हॉल रिकामा नसतो म्हणे. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने हलवू नका, आम्ही डॉक्टरांना विचारून क्लासच्या दिवशीचं टाइमटेबल बसवून घेतलं. आणि गोळीच्या तोंडावर डाळ, पनीर, अंडं असं प्रोटीनचं काही नको, गोळी नीट लागू होत नाही, तेव्हा क्लासला निघताना भरपेट उसळ खाऊ घालू नका.

खुर्च्या. हात नसलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या कोणी आणल्या? हात असलेली खुर्ची हवी, उठताना रेटा द्यायला लागतो, आणि ती प्लॅस्टिकची हलकी खुर्ची मागून धरून उभं राहिलं तर खुर्चीसकट माणूस जाईल. आता निम्म्या बदलल्यात, उरलेल्या पण बदला. फरशी गुळगुळीत आहे, मोज्यांवर अजिबात नको, वेलक्रोवाले बूट घाला. शेवटी चहा असतो (चांगला, आल्याचा) पण तो कागदी कपात काठोकाठ भरून द्यायचे, थरथरत्या हातात! ते सांगितल्यावर लगेच सुधारलं, आता दांडीवाल्या मगात अर्धाच देतात, हवा तर परत घ्या.

ऑनलाइन पण जॉइन होता येतं. पावसाळ्यात करून बघितलं, ठीक आहे, पण नेट अडकलं की ठेका मागे पडतो आणि सगळी मजाच जाते. कोणीतरी शेजारी उभं राहणं मस्ट, एकट्याने अजिबात नको.

फी महिन्याला 1500, सोबत येणाऱ्या माणसाचे पैसे घेत नाहीत आणि त्यांनी पण आत येऊन करावं असा आग्रह असतो. सासूबाई मात्र आत जात नाहीत. शुभंकर मंडळींचा (सांभाळणाऱ्यांना असंच म्हणतात या वर्तुळात) बाहेरच्या बाकावर वेगळाच क्लास चालतो, रात्री झोपमोड कोणाची किती होते, बद्धकोष्ठावर काय द्यायचं, कुठली बाई दिवसभर थांबते, कोणाच्या सुनेने काय केलं. त्यात माझं पण नाव निघत असणार, निघू दे. घरून निघताना साडी बदलतात, पावडर लावतात, मला तेवढं पुरे आहे.

जायच्या आधी फोन करा, एक क्लास फुकट करून बघता येतो. लिफ्ट मधूनमधून बंद असते ते विचारून घ्या, आणि खाली गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने गेलात तर रिक्षावाल्याला गेटच्या आत सोडायला सांगा, वॉचमन ओरडतो पण सोडतो.