कॉइल तापली म्हणजे जळली नव्हे

आमच्या आण्णांच्या जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरची चांगली चालती कॉइल (बॅटरीच्या करंटपासून प्लगच्या ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज तयार करणारा डबा) एका फिरत्या मिस्त्रीनं ‘जळली’ म्हणून काढून नेली आणि वर साडेआठ हजार रुपये घेतले. ज्यांच्या दारात पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) असलेलं जुनं इंजिन उभं आहे, मग ट्रॅक्टर असो नाहीतर पेट्रोलची जीप, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

ट्रॅक्टर करड्या रंगाचा छोटा फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात हे मॉडेल निघायचं. सेल्फ मारायला वेगळं बटण नाही, गियरचा दांडाच ‘एस’वर न्यायचा. आजोबांनी घेतलेला. आता ऊसाच्या रानात तो जात नाही, पण खंडेनवमीला पूजा झाली की गावातून एक फेरी असतेच. यंदा सणाच्या तोंडावर सेल्फ फिरतोय, पेट्रोल येतंय, आणि प्लगला ठिणगीच नाही.

इथंच मेख आहे. गावोगावचे मिस्त्री आता डिझेलवर वाढलेले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणून चांगल्या हाताच्या पोरांनाही डिस्ट्रिब्युटरचं (ज्यात पॉइंट बसतात आणि जो प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो, त्या भागाचं) झाकण उघडून काय बघायचं ते ठाऊक नसतं. ओळखीतल्या ओळखीत ‘जुन्या गाड्यांचा माणूस’ म्हणून हा गडी आला.

त्यानं काय केलं ते नीट बघा. चावी ऑन करून ठेवली, इंजिन चालू केलं नाही. मग डिस्ट्रिब्युटर उघडून खुडबुड केली, चहा घेतला, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. बऱ्याच वेळानं म्हणाला, “आण्णा, हात लावून बघा की. कसली तापलीया! गेली ही कॉइल.” आण्णांनी हात लावला, चटका बसला. डोळ्यांदेखत पुरावा मिळाल्यावर कोण शंका घेणार? “हिचा माल इंग्लंडवरनं येतोय, माझ्याकडं एकच शिल्लक हाय,” म्हणत त्यानं दुसरी बसवली. ट्रॅक्टर चालू झाला. जुनी कॉइल ‘बदल्यात’ म्हणून पिशवीत घालून गेला.

चावी ऑन, इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असतील, तर कोणतीही धडधाकट कॉइल तापणारच. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. म्हणजे सतत ४ अँपिअर करंट, जवळजवळ ४८ वॅट. हेडलाइटच्या बल्बाएवढी उष्णता त्या एवढ्याशा डब्यात कोंडली जाते. त्यावरून ती जळली असं ठरत नाही.

दसरा झाला आणि ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला. या वेळी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनना घेऊन आलो. पॉइंट काळे पडून खड्डे पडले होते. नव्या कॉइलवर मीटर लावला तर दीड ओहम. ही बाहेरून रेझिस्टर जोडून चालवायची जात, ती त्या मिस्त्रीनं थेट बॅटरीवर जोडली होती. दुप्पट करंटनं पॉइंट खाल्ले. पण खरा संताप आला तो पॉइंटच्या प्लेटखाली. आतल्या बारीक वायरीचं आवरण झिजलं होतं, ती बॉडीला टेकत होती, आणि तिथं नवी कोरी काळी टेप गुंडाळलेली होती. म्हणजे ठिणगी बंद करणारा खरा दोष त्याला सापडला होता. तो त्यानं टेपच्या तुकड्यानं मिटवला आणि पैसे कॉइलचे घेतले. आण्णांसारख्या माणसाच्या भाबडेपणाचा असा वापर मला अजून सहन होत नाही.

त्या काकांनी मला जी तपासणी दाखवली ती घरीही करता येते. बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी चेसीच्या उघड्या लोखंडाला लावा. चावी ऑन करून सेल्फ मारला की बल्ब लुकलुकला पाहिजे. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मळलेत. अजिबात पेटला नाही तर डिस्ट्रिब्युटरकडं जाणारी वायर कॉइलवरून सोडा. आता पेटला, तर करंट कॉइलमधून येतोय आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठंतरी अर्थ झालाय, म्हणजे तो बॉडीला उतरतोय. आमचा दोष नेमका हाच होता. तरीही पेटला नाही तर कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला करंट येतोय का ते बघा. बऱ्याचदा चावीचा स्विचच खराब निघतो. लुकलुकतोय आणि तरी ठिणगी नाही, तर कंडेन्सर, रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा), झाकण, मग कॉइल या क्रमानं बघा. कॉइलचा नंबर इतका मागं आहे.

त्या माणसाला फोन केला. “भंगारात घातली,” एवढंच म्हणाला. आमच्याकडं पावती नाही, म्हणून ग्राहक आयोगात कशाच्या जोरावर जायचं हा प्रश्नच आहे. तुमच्याकडं पावती असेल तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जुनी गाडी जपणारे लोक मूळ भाग शोधत असतात, त्यामुळे आमची कॉइल भंगारात गेली यावर माझा विश्वास नाही.

तो अजून कागल-राधानगरीकडं फिरतोय असं कळतंय. कुणी दारात येऊन चावी ऑन करून गप्पा मारत बसला, तर आधी चावी बंद करा, आणि काढलेला कोणताही भाग त्याच्या पिशवीत जाऊ देऊ नका.