बास्क किनाऱ्यावर दोघांची गाडीसफर: मुक्काम दोनोस्तियात, गेतारियात, लेकेइतिओत की सीमेपलीकडे?

स्पेनमधल्या बिल्बाओला गाडी ताब्यात घेतली की फ्रान्समधलं बिआरित्स महामार्गाने दोन तासांच्या आत येतं. दोन देशांत पसरलेला हा बास्क किनारा एवढा आटोपशीर असल्यामुळे बरीच जोडपी दोनोस्तियात, म्हणजे सान सेबास्तियनमध्ये, सगळ्या रात्रींसाठी एकच हॉटेल घेतात आणि रोज गाडीने कुठे ना कुठे जेवायला जायचं ठरवतात. हा बेत मला पटत नाही. तुम्ही मुख्यतः खाण्यासाठी जाणार असाल, तर रात्रीचं जेवण जिथे, मुक्काम तिथेच असावा. स्पेनच्या बाजूला रात्रीचं जेवण नऊच्या सुमारास सुरू होतं आणि साडेअकराच्या आत क्वचित संपतं. सोबत गार चाकोली असते, ही इथली हलकी, आंबटसर पांढरी वाइन. गाडी चालवणाऱ्याने तिच्याकडे नुसतं बघत बसायचं का? आणि पीत नसाल तरी रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकायची सवय नसताना मध्यरात्री वळणावळणाने परतण्यात काही मजा नाही.

म्हणून निवड हॉटेलची नाही, जेवणाची आहे.

दोनोस्तिया: उभ्याने, थोडं थोडं, दहा ठिकाणी

जुन्या शहरातल्या गल्ल्यांत बारला बार लागून आहेत आणि काउंटरवर पिंचोसच्या, म्हणजे एक-दोन घासांच्या छोट्या पदार्थांच्या, ताटल्या मांडलेल्या असतात. नवखा माणूस पहिल्याच बारमध्ये ताट भरून घेतो आणि तिथेच पोट भरून बसतो. इथली रीत अशी की एका बारमध्ये त्या बारची खासियत असलेला एकच पदार्थ घ्यायचा, सोबत छोटा ग्लास, की पुढचा बार. मांडून ठेवलेल्यापेक्षा फळ्यावर खडूने लिहिलेले गरम पदार्थ मागावेत, ते तिथल्या तिथे करून देतात. सुरुवात ‘हिल्दा’ने करा. एका काडीवर खारवलेली अँचोवी, हिरवं ऑलिव्ह आणि लोणच्यातली लांब हिरवी मिरची. तिघांचा एकच घास करायचा. 1946 च्या सिनेमातल्या रीटा हेवर्थच्या भूमिकेवरून तिला हे नाव पडलं.

जोडप्यासाठी याचा मोठा फायदा म्हणजे दोघांच्या आवडी जुळल्या नाहीत तरी अडत नाही. एकाने कोळंबी घ्यावी, दुसऱ्याने मशरूम.

तोटा गाडीचा. जुनं शहर पायी फिरायचं, पार्किंग महाग आणि गाडी तळघरात उभी. तिचं भाडं मात्र चालूच. ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सवाच्या वेळी खोल्यांचे दर फार चढतात.

गेतारिया: बसून, सावकाश, एकच मासा

पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून 1522 मध्ये परतलेला खलाशी एल्कानो आणि फॅशन डिझायनर बालेन्सियागा, दोघेही या एवढ्याशा बंदरगावातले. बालेन्सियागाचं संग्रहालय पावसाळी दुपारी जरूर बघा. पण गेतारियाला जायचं ते निखाऱ्यांसाठी. इथल्या उपाहारगृहांच्या लोखंडी शेगड्या दाराबाहेर, रस्त्यावरच असतात. अख्खा टर्बट, पसरट अंगाचा मासा, तारेच्या जाळीत बंद करून कोळशावर ठेवतात, मधूनमधून तेल-व्हिनेगरचं पाणी शिंपडतात. मसाला जवळपास नाहीच. टेबलावर आणल्यावर वाढणारा तो तुमच्यासमोर सोडवतो: वरच्या काळ्या कातडीकडचं मांस वेगळं, खालच्या पांढऱ्या बाजूचं वेगळं, गालाचा तुकडा आणि कल्ल्यांजवळचा चिकट भाग वेगळा. काट्यांना लागलेला तो चिकट रस बोटांनी चोखून खायचा. सुरमईचं डोकं आवडीने खाणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

हे स्वस्त नाही. मासा किलोच्या भावाने असतो, म्हणून मागवण्याआधी तो बघून वजन विचारा. त्यात कुणालाही गैर वाटत नाही. दुपारच्या जेवणालाही जागा आधी राखून ठेवावी.

गाडीचं खरं सुख इथेच. गेतारियाच्या दोन अंगांना असलेल्या साराउत्स ते सुमाइया या गावांमधला एन-634 रस्ता बराचसा समुद्राला चिकटून जातो, एका अंगाला लाटा आणि वर उतारांवर चाकोलीचे द्राक्षमळे. सुमाइयाला ओहोटीच्या वेळी पोहोचा. कड्यांमधले दगडाचे उभे-तिरके थर पार पाण्यापर्यंत उघडे पडतात. भरतीला त्यांचा बराच भाग पाण्याखाली जातो, तेव्हा वेळापत्रक बघूनच निघा.

लेकेइतिओ आणि बिल्बाओकडचा किनारा

इथे यायचं ते गर्दी टाळायला. बंदरासमोरच्या गाराइत्स बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, आणि बंदरावरच्या बारमध्ये गावातलीच माणसं असतात. उन्हाळ्यात, जून-जुलैपासून पुढे, बोनितो हा ट्यूना येतो. त्याची बटाटा घालून केलेली मार्मिताको ही खलाशांची रस्सेदार भाजी इथे खावी. पुढे बेर्मेओ हे कामाचं, मासेमारीचं बंदर. तिथले डबाबंद ट्यूना आणि अँचोवी घरी न्यायला उत्तम. तिथून जवळच्या गास्तेलुगाचे या खडकाळ बेटावरच्या 241 पायऱ्या चढायच्या असतील तर हंगामात प्रवेशाची मोफत नोंदणी आधी करावी लागते. जेवणात मात्र हा पट्टा गेतारियाची बरोबरी करत नाही, आणि नकाशावर जवळ दिसणारी गावं वळणांमुळे लांब पडतात.

सँ-झाँ-द-ल्यूझ: सीमेपलीकडचं

शेंगन व्हिसावर दोन्ही देश चालतात, सीमा कधी ओलांडली तेही बऱ्याचदा कळत नाही. पण जेवणाच्या वेळा एकदम बदलतात. दुपारी बारा ते दोन जेवून घ्या, अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद. चौदाव्या लुईचं लग्न 1660 मध्ये इथल्या चर्चमध्ये झालं. गाव देखणं, किनारा शांत आणि पोहायला बरा. इथे गोड खावं: काळ्या चेरीचा मुरंबा किंवा क्रीम भरलेला गातो बास्क, आणि मेंढीच्या दुधाच्या ओसो-इराती चीजसोबत तोच चेरीचा मुरंबा. माशांत ‘त्तोरो’ हे रश्शासारखं सूप, एस्पेलेतच्या लाल मिरचीची मंद चव असलेलं. सीमेलगतच्या अँदायहून इथे येणारा कड्यावरचा रस्ता दिवसाउजेडी नक्की घ्यावा.

दोघांपैकी एक जण शाकाहारी असेल तर

मग गेतारियाचा मुक्काम एकाच रात्रीचा ठेवा. तिथे शाकाहारी माणसाच्या वाट्याला सॅलड, मिरच्या आणि टोमॅटो येतात, आणि अशा जेवणात एकाने बघत बसणं दोघांनाही जड जातं. दोनोस्तियात परतलेली मशरूम, गेर्निकाच्या मीठ लावून तळलेल्या कोवळ्या मिरच्या, इदियासाबाल चीज आणि अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, मिळतं. ‘वेजेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बऱ्याचदा ट्यूना आणि अंडं असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका. गोमांस खात नसाल तर ‘तेर्नेरा’, ‘बाका’, ‘चुलेता’ हे शब्द ओळखून ठेवा. फ्रान्सच्या बाजूचं ‘आशोआ’सुद्धा वासराच्या मांसाचं असतं.

मी काय निवडेन

मासे खाणारं जोडपं असेल, तर गेतारिया किंवा शेजारच्या साराउत्सला अर्ध्याहून जास्त रात्री. साराउत्सला राहिलात तर रात्री गेतारियाहून समुद्राकाठच्या पादचारी वाटेने चालत परतता येतं, अंतर चारेक किलोमीटर. पहिल्यांदाच युरोपला जात असाल किंवा खाण्याच्या आवडी फार वेगळ्या असतील, तर दोनोस्तिया. फ्रान्सची बाजू मी एका दिवसाची ठेवेन. गोडाची फारच आवड असेल तर एक रात्र तिकडे.

क्रम असा लावा: बिल्बाओ, लेकेइतिओ, गेतारिया, मग सँ-झाँ-द-ल्यूझ आणि शेवटी दोनोस्तिया. दोनोस्तियात शिरताच गाडी परत करून टाका. बिल्बाओच्या विमानासाठी तिथून बस मिळते. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वेगळं शुल्क पडतं, म्हणून दोन्ही टोकं स्पेनमध्येच ठेवा. सीमा ओलांडणार असल्याचं गाडी घेतानाच कंपनीला सांगा, आणि आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना भारतातून निघण्यापूर्वीच आरटीओकडून काढून घ्या.