ओसाकात एकच दिवस: किल्ला की मत्स्यालय?

ओसाकात हाताशी एकच दिवस असेल तर सकाळी किल्ला आणि दुपारी काइयुकान मत्स्यालय असं दोन्ही कोंबू नका. नकाशावर ते सोपं दिसतं, कारण दोन्ही ठिकाणं मेट्रोच्या चुओ मार्गावरच आहेत. पण पाय मेट्रोत दमत नाहीत, स्थानकाबाहेर दमतात. एक निवडा. संध्याकाळ कुठल्याही बेतात दोतोनबोरी या खाऊगल्लीचीच.

किल्ल्यासाठी तानिमाची योन्चोमे स्थानकात उतरलात तर मुख्य इमारतीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, तेही शेवटी चढावर. बाबागाडी नेता येते, पण ढकलणाऱ्याचा घाम निघतो. रायगड-सिंहगड पाहिलेल्यांचा इथे हमखास हिरमोड होतो: हिदेयोशी या जपानी सरदाराने 1583 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला हा नव्हे. आजची इमारत 1931 ची, काँक्रीटची. आत संग्रहालय आणि लिफ्ट. लिफ्ट सर्वांसाठी पाचव्या मजल्यापर्यंतच असते, पुढे आठव्यापर्यंत जिना. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी कर्मचाऱ्यांना आधीच विचारा. एप्रिल 2025 पासून मोठ्यांचं तिकीट 1,200 येन आहे. पंधरा वर्षांच्या आतल्या शाळकरी मुलांना ते लागत नाही.

खरं पाहण्यासारखं आहे ते बाहेर, आणि फुकट. साकुरामोन दरवाज्यातून आत शिरताच समोर ‘ताको-इशी’ नावाचा एकच दगड उभा आहे. त्याचं दर्शनी क्षेत्रफळ जवळजवळ 60 चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडचा एक वन-बीएचके! मुलाला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढा, मगच आकार कळतो. वेळ कमी असेल तर तट, खंदक आणि हा दगड पाहून संग्रहालय खुशाल सोडा.

काइयुकानचं गणित उलटं. ओसाकाको स्थानकापासून पाचेक मिनिटं चाललं की झालं. आत सगळं छपराखाली, म्हणून पावसात आणि जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात हाच बेत शहाणपणाचा. तिकीट मात्र महाग: मोठ्यांना 2,700 येनपासून पुढे, दिवसानुसार बदलतं. वेळेचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी दारातच तास जातो. सरकत्या जिन्याने आठव्या मजल्यावर जायचं आणि उताराने गोल गोल खाली यायचं. मधली टाकी नऊ मीटर खोल, त्यात व्हेल शार्क. बहुतेकांची चूक एकच: पहिल्याच काचेपाशी गर्दीत खिळून राहतात. तीच टाकी खालच्या मजल्यांवर पुन्हा पुन्हा दिसते आणि तिथे मुलांना काचेला नाक लावून बसता येतं. दोन ते अडीच तास धरा.

आठ वर्षांखालची मुलं असतील तर मी डोळे मिटून मत्स्यालय सांगेन. चालणारी, इतिहासाची गोडी असलेली मुलं असतील तर किल्ला.

दोन्हीकडून दोतोनबोरीजवळच्या नाम्बा स्थानकाला येताना होम्माचीला गाडी बदलून मिदोसुजी मार्ग धरायचा. सोमवार ते शुक्रवार या मार्गावर सहावा डबा दिवसभर महिलांचा असतो. घाईत सगळं कुटुंब त्यात शिरलं की बाबांची पंचाईत. मेट्रोचा एक दिवसाचा पास कामाच्या दिवशी 820 येन, शनिवार-रविवारी 620, मुलांना 310. सुटं तिकीट 190 येनपासून असल्यामुळे शनिवार-रविवारी पास लवकर वसूल होतो. सहा वर्षांखालची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट.

जेवण हा खरा कळीचा मुद्दा. दुपारचं अकरा-साडेअकरालाच उरका. बारा ते एक ऑफिसवाल्यांची झुंबड असते आणि दोन-अडीचनंतर बरीच हॉटेलं पाचपर्यंत बंद. संध्याकाळी दोतोनबोरीत साडेपाचला पोचा; सातनंतर बाबागाडी पुढे सरकत नाही. ताकोयाकी (ऑक्टोपसचे तुकडे घातलेले, आप्प्यांसारखे गोळे) बाहेरून कोमट वाटते, आतलं पीठ मात्र उकळतं असतं: काडीने फोडून वाफ जाऊ द्या, मगच मुलांच्या हाती.

शाकाहारींनी मांसापेक्षा ‘दाशी’ला जास्त सांभाळावं. कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा, हा रस्सा उदोन नूडल्समध्ये असतो, ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेल्या जाड धिरड्याच्या) पिठातही असतो, आणि ‘भाजीचं आहे’ म्हणणारा दुकानदार खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच. म्हणून ‘निकु’ (मांस) आणि ‘साकाना’ (मासा) नको एवढ्यावर थांबू नका. ‘दाशी मो दामे देसु’, म्हणजे दाशीही चालत नाही, असं सांगा. वर भुरभुरवलेला माशाचा कीस टाळायला ‘कात्सुओबुशी नुकी दे’, म्हणजे कात्सुओबुशीशिवाय. कुशिकात्सुच्या (काडीला टोचून तळलेल्या पदार्थांच्या) दुकानात कांदा, भोपळा, कमळकाकडीच्या काड्या मिळतात, पण तळायचं तेल मांस तळतात तेच. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी भारतीय हॉटेल आदल्या दिवशीच हेरून ठेवावं. पिशवीत कप्पामाकी (काकडी घातलेले सुशीचे रोल) ठेवा, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवीही: रस्त्यावर कचरापेटी क्वचितच सापडते.