शाळेतलं इंटरॅक्टिव्ह पॅनल: आठ महिने वापरल्यावर

आमच्या झेडपी शाळेत जुलैत ६५ इंची पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा स्क्रीन, बसलं, लोकवर्गणीतून. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, इतर शाळांचे सर-मॅडम विचारतात घ्यावं का, म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

बसवायला आलेल्या माणसाने तासभर डेमो दिला, भराभर बटणं दाबली, सही घेतली आणि गेला. पहिले दोन महिने आम्ही त्यावर फक्त व्हिडिओ लावले. पोरं खूश होती, पण ते शिकवणं नव्हतं, मोठा टीव्ही होता नुसता.

आमच्या सिनियर बाई तर हातच लावत नव्हत्या. आता यांना टेक्नॉलॉजी येत नाही म्हणावं तर एमएससीआयटी झालेलं, यूडायसची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची शाळेची, माहिती भरताना अडलं की आम्ही त्यांच्याकडेच जातो, पोषण आहाराची रोजची नोंद त्याच मोबाइलवर करतात. दीक्षा या सरकारी ॲपवरचे निष्ठाचे, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे, मॉड्यूल पण सगळ्यांच्या आधी पूर्ण. मग एकदा मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "सर, खडू हातात असला की पुढे काय होणार ते मला माहीत असतं. इथे मध्येच काही अडकलं तर पोरांसमोर नुसती उभी राहू का?" मला तोवर हे सुचलंच नव्हतं. माहिती भरताना चुकलं तर कोणी बघत नाही हो, इथे तीस डोकी बघत असतात.

मग शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसलो, एकच पाठ, सहावीचा त्रिकोण, जिओजेब्रा या गणिताच्या ॲपवर. आठवड्याने बाईंनी वर्गात घेतला. शिरोबिंदू बोटाने ओढायचा, तिन्ही कोन बदलतात पण बेरीज १८०च. एका पोराने उठून तो इतका ओढला की त्रिकोण पार चपटा झाला, आणि ओरडला, "बाई, झोपला तरी १८०च!" फळ्यावर हे दाखवता येत नाही, मीही इतकी वर्षं नुसतं सांगूनच शिकवलंय.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोडही आता खरे वापरात आले, आधी एका मोबाइलवर सगळी पोरं वाकायची. पाठ आदल्या दिवशी दीक्षावर डाउनलोड करून ठेवा, नेटच्या भरवशावर राहू नका.

त्रास सांगतो. आमच्या पॅनलच्या चौकटीतून इन्फ्रारेड किरण जातात, मध्ये जे येईल ते त्याला बोटच वाटतं. बाईंचा पदर लागला की रेघ, पोराची बाही लागली की रेघ. नोव्हेंबरात तर आपोआप रेघा यायला लागल्या, कंपनीला फोन करून दीड महिना कोणी फिरकलं नाही, शेवटी आम्हालाच कळलं की चौकटीत खडूची धूळ बसलीय. आता रोज सकाळी पॅनल बंद असताना कोरड्या मऊ फडक्याने चौकट पुसतो आणि फळा समोरच्या भिंतीवर हलवलाय. लाइट गेली की इन्व्हर्टरवर जेमतेम तासभर चालतं, तेव्हा वर्गणी काढतानाच बॅटरीचे पैसे धरा. आणि विकणाऱ्याकडून महिन्याने दुसरं ट्रेनिंग लेखी घ्या, कारण पहिल्या दिवशी काय विचारायचं हेच कळत नसतं.

घ्या, पण शेजारी बसून शिकवणारं कोणीतरी शाळेत असेल तरच.

गेल्या आठवड्यात बाईंच्या तासाला पॅनल मध्येच अडकलं. मी दारातच होतो, आत जाणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बंद करून चालू करते रे, तोवर सगळे मागे वळा," आणि समोरच्या फळ्यावर खडूने पुढची आकृती काढायला लागल्या.