खुर्ची, मुदत आणि लंगडं बदक: एका ऑनलाइन कोर्सला पाचात साडेतीन

सरकारी खात्यात मी 31 वर्षं आवक-जावक सांभाळली. किती मंत्री आले नि गेले ते मोजलं नाही, पण दर नव्या मंत्र्याबरोबर किती फायली ‘फेरविचारार्थ’ म्हणून खाली परत आल्या, ते मला विचारा. त्यामुळे शासनाची रचना आणि पदाच्या मुदती यांवरचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स दिसला, तेव्हा म्हटलं, बघू तरी, टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं.

पहिला आठवडा खुशाल गाळा. अध्यक्षीय पद्धत, संसदीय पद्धत, चौकोन आणि बाण. शाळेतलं नागरिकशास्त्र ज्यांना आठवतं त्यांना यात नवीन काही नाही. स्वित्झर्लंड तेवढं लक्षात राहिलं: सात जणांचं मंत्रिमंडळ आणि अध्यक्षपद दरवर्षी त्यांच्यातच फिरतं. मला आवडलं. खुर्चीला ऊब यायच्या आत उठायचं.

दुसऱ्या आठवड्यात मोठी नावं येतात. रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, त्यानंतर 1951 मध्ये अमेरिकेने घटनादुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षाला दोनदाच निवडून येण्याची मर्यादा घातली. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत 27 वर्षं सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्ष कोंपाओरे यांनी मर्यादा हटवायचा घाट घातला, तर 2014 मध्ये लोकांनी संसदच पेटवली आणि त्यांना पळ काढावा लागला. सर सांगतात छान, फक्त दर दोन वाक्यांनी घसा खाकरतात.

पैसे वसूल होतात ते तिसऱ्या आठवड्यात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या धड्यात. 1992 साली तिथल्या मतदारांनीच ठरवलं की राज्याच्या कनिष्ठ सभागृहात फार तर सहा वर्षं बसायचं, वरिष्ठ सभागृहात आठ. हेतू चांगला, मुरलेल्यांना घरी पाठवायचं. पण सभासदाला अर्थसंकल्प वाचता यायला लागेपर्यंत त्याची जायची वेळ यायची. मग माहितीसाठी तो कोणाकडे बघणार? कायदे आपल्या बाजूने वळवायला ठाण मांडून बसलेल्या लॉबीवाल्यांकडे आणि अधिकाऱ्यांकडे. अखेर 2022 मध्ये मतदारांनीच नियम बदलला: दोन्ही सभागृहं मिळून 12 वर्षं, हवी तर सगळी एकाच ठिकाणी काढा.

इथे मी व्हिडिओ थांबवला. नवीन साहेब आले की पहिल्या आठवड्यात हमखास विचारायचे, “बाई, याआधी काय ठरलं होतं?” आणि मी कपाटातून काढून देईन तेच ‘याआधी ठरलेलं’. एका नळयोजनेची फाईल मी आठवणीने गठ्ठ्यावर ठेवली, ती मंजूर झाली. तिच्याखालच्या दोन गावांच्या फायली खालीच राहिल्या. मुद्दाम नव्हे, साहेब निघायच्या घाईत होते. मला कोणी मत दिलं नव्हतं आणि माझ्या टेबलाला मुदतही नव्हती. ही गोष्ट सरांच्या एकाही आकृतीत नाही.

चौथ्या आठवड्यात मेक्सिको. तिथल्या महापौरांना तीन वर्षांची एक कारकीर्द झाली की लागोपाठ पुन्हा उभं राहता येत नसे, 2014 च्या सुधारणेने ती वाट उघडली. यावर एक खेळ दिलाय: तुम्ही तीन वर्षांचे महापौर, निधी कुठे घालाल? मी सगळा निधी भुयारी गटारात ओतला. अडीच वर्षं रस्ते खणलेले, नागरिक खवळलेले, आणि फीत कापली पुढच्याने. दुसऱ्या खेपेला चौकात कारंजं बांधलं, रंगरंगोटी केली. शाबासकी! नागरिकांची गटारं तुंबली असतील, पण ते खेळात मोजत नाहीत. फिलिपिन्समधले महापौर याच धड्यात भेटतात: तीन-तीन वर्षांच्या सलग तीन कारकिर्दी संपल्या की बायको उभी राहते, नाहीतर मुलगा. पाटीवरचं आडनाव पुसायलाच नको.

उणं काय? ब्रिटन आणि भारतात पंतप्रधानाला मुदतीची मर्यादाच नाही, हे दीड मिनिटात उरकलंय. तिथे माणूस जातो तो बहुमत गेलं किंवा पक्षाने हात काढला की. म्हणजे त्याची जायची तारीख कोणालाच ठाऊक नसते, आणि रांगेतल्या माणसाचं काम अडतं ते नेमकं त्या अनिश्चित दिवसांत. यावर एक अख्खा आठवडा हवा होता. त्याऐवजी पाचव्या-सहाव्यात घटनादुरुस्त्यांची सालं पाठ करून घेतात.

आणि ती मराठी उपशीर्षकं! यंत्राने केलेली. पदाच्या मुदतीची मर्यादा, म्हणजे ‘टर्म लिमिट’, तिची झाली ‘शब्दमर्यादा’, आणि मंत्रिमंडळ, म्हणजे ‘कॅबिनेट’, त्याचं ‘कपाट’. ‘राष्ट्राध्यक्षांनी कपाट बरखास्त केले’ हे वाक्य मी दोनदा मागे नेऊन वाचलं. मुदत संपत आलेल्या, कोणी जुमानत नसलेल्या नेत्याला इंग्रजीत ‘लेम डक’ म्हणतात, त्याचं ‘लंगडे बदक’ केलं होतं. मी तक्रार नोंदवली. आठवड्याने दुरुस्ती झाली. आता तिथे ‘अपंग बदक’ आहे.